डावऱ्या हाताची भिंत

भिंतीवर तळहात फिरवून तिचं वय सांगणारी बाई त्या साऱ्या मुलखात एकच होती. तिला डावरी म्हणत. रंगारी म्हणत, ठेकेदार म्हणत, ज्यांच्या भिंती तिने आरशासारख्या करून दिल्या ते घरमालकही म्हणत. आणि आईबापांनी हेच नाव ठेवलं असावं अशा थाटात ती मान वर करून 'ओ' देई.

तिचं काम रंगाचं नव्हतं, रंगाच्या आधीचं होतं. जुना रंग पत्तीने, म्हणजे रुंद पातळ पात्याने, खरवडायचा, खड्डे आणि भेगा लांबीने भरायच्या, वाळली की वरून दुसरा हात द्यायचा. लांबी म्हणजे भिंतीला लावायचा पांढरा लगदा. लोण्यासारखा मळला तर भिंतीला धरतो, घाई केली तर पोपडा होऊन पायाशी पडतो. डावरीला घाई ठाऊक नव्हती. पत्ती ती डाव्या हातात धरी. तिचा ओघ उजवीकडून डावीकडे जाई, जरासा खाली झुकत, आणि शेवटी मनगटाची एक छोटी उचल, पाण्यातून बगळ्याने मान काढावी तशी. बाकीच्यांच्या भिंती डावीकडून उजवीकडे भरलेल्या असत. हिची उलटी. रंग चढल्यावर ते कुणाला दिसत नाही. पण भरणाऱ्याला कळतं, आणि त्याच्या मागून घासणाऱ्याला कळतं.

"डावरे, तुझ्या भिंतीवर माशी बसली तर घसरून पडेल, आणि माझ्यावर फिर्याद करेल," ठेकेदार म्हणायचा.

"माशीला सांगा, रंग वाळल्याशिवाय पाहुणं यायचं नसतं," डावरी वर न बघता म्हणायची.

तिच्या मागून घासणारी होती तिची धाकटी बहीण. नवरा गेला तेव्हा धाकटी कडेवरची लेक घेऊन ताईच्या दाराशी आली होती. ताईचं लग्न झालेलं नव्हतं, करायचंही नव्हतं. तिने दार उघडलं, बहिणीच्या हातात काचपेपर दिला आणि म्हणाली, "रडायचं असेल तर घासता घासता रड. धूळ डोळ्यांत गेली असं सांगता येतं." तेव्हापासून बावीस वर्षं ताईने भरायचं आणि धाकटीने घासायचं. डोळे मिटूनही धाकटी सांगे, "इथे तुला खोकला आला होता," किंवा, "इथे तू कुणावर तरी चिडली होतीस." आणि ते खरं निघे.

धाकटीत एकच खोट होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. भर दुपारी, जेवणं उरकून माणसं जिथल्या तिथे कलंडली की ती एकदम थांबायची. काचपेपर भिंतीला तसाच टेकलेला. मान तिरकी.

"ताई, ठोकलं ना कुणी?"

"नाही गं."

"तीनदा. ठक, ठक, ठक."

"कुणी नाही, बये. घास तू."

रंगारी पोरं हसायची. पुढेपुढे हसायचीही बंद झाली, आणि ते जास्त वाईट होतं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी हात थरथरायचे म्हणून तिने त्या सोडल्या. भिंतीला कान असतात म्हणतात. धाकटीच्या भिंतींना तोंड होतं, आणि ते तिच्याशीच बोलायचं.

एका दुपारी, नव्या शाळेच्या वर्गात काम चालू असताना, धाकटीने डब्याचं झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं.

"का? भूक नाही?"

"काल लेक आली होती."

"मग बरं झालं की. आता कितवा महिना, आठवा ना?"

"आठवा." धाकटी झाकणावर बोट फिरवत राहिली. "म्हणाली, आई, राग मानू नकोस. बाळंतपणाला ये, चार दिवस राहा. पण बाळाला मी तुझ्याजवळ एकटं ठेवणार नाही."

डावरीच्या हातातला घास हातातच राहिला.

"नवऱ्याने शिकवलं असेल."

"नाही. तिचं तीच बोलली. रडत बोलली. म्हणाली, लहानपणी तू मला उराशी धरून भिंतीला कान लावून बसायचीस, तासन्‌तास. मला श्वास घ्यायची भीती वाटायची." धाकटीने वर बघितलं. "मला नव्हतं माहीत गं ती जागी असायची ते."

तिने बंद डबा पिशवीत ठेवला. मग धाकटी म्हणाली, "ताई, मला आपल्या घरी जायचंय."

"कुठल्या?"

"आपल्या. जुन्या. तो आवाज तिथलाच आहे. मागच्या भिंतीतला. एकदा मला ती भिंत उघडी करून बघायचीय. त्यात काही निघालं तर मी शहाणी. नाही निघालं तर मी वेडी, मुकाट गोळ्या घेईन आणि नातवंडाला लांबून बघेन. पण एकदाचं काय ते ठरू दे."

"चाळीस वर्षांनी भिंतीत काय निघणार? विटा निघतील."

"निघू देत की. विटा तरी बघू."

घर अजून त्यांचंच होतं. बाबा गेल्यावर डावरीने ते भाड्याने दिलं होतं, आणि भाडेकरू तिथे टिकत नसत. मागच्याच महिन्यात शेवटचा, एक शिंपी, किल्ली आणून देऊन गेला होता. का सोडता विचारलं तर तो नीट बोलेना. एवढंच म्हणाला, "मशीन बंद केलं की करमत नाही हो तिथे."

किल्ली डावरीच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी होती. त्या रात्री तिने ती काढून उशाशी ठेवली. जायला नाही म्हणून चालणार नव्हतं, कारण धाकटी एकटीही गेली असती. त्यापेक्षा आपण बरोबर असावं. भिंत आपण खरवडावी, जिथे खरवडायची तिथे खरवडावी, आणि दिवस मावळला की म्हणावं, बघ, विटा. कारण त्या भिंतीत दार होतं. हे माहीत असलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं, आणि ते त्या अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडलेलं होतं.

बसमधून उतरून दोघी चालत निघाल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. गावाबाहेर जाणारा रस्ता, त्याला लागून चार बैठी घरं एका ओळीत, आणि शेवटचं त्यांचं. पलीकडे बाभळी आणि मग कालवा. बाकीच्या तीन घरांना कुलपं होती. शेवटच्या घरापाशी कुत्रंही नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीला हे घर मोठं वाटायचं. आता डावरीला दारातून वाकून जावं लागलं.

पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकाची खोली. जमिनीवर शिंप्याच्या चिंध्या, खडूचे तुकडे, एक टाचणी. मधल्या खोलीची मागची भिंत हिरवी होती आणि तिला एकही खिळा नव्हता. इतके भाडेकरू झाले, पण त्या भिंतीवर कुणी साधं कॅलेंडर टांगलेलं नव्हतं.

"हा बघ," धाकटी म्हणाली. ती सरळ भिंतीपाशी गेली होती. कमरेच्या जरा वर एक फुगवटा होता, मोठ्या लिंबाएवढा. तिने त्यावर तळहात ठेवला. "आठवतं? मी याला हात लावायची आणि बाबा ओरडायचे. एवढा मोठा कारागीर माणूस. लोकांच्या भिंतीत केसाएवढा उंचवटा राहिला तर परत उतरवायचे. आणि स्वतःच्या घरात हा फोडासारखा ठेवला."

"पाइप असेल."

"इथे कुठला पाइप?"

डावरीने पिशवीतून पत्त्या काढल्या, बादलीत पाणी आणलं, फडकं डोक्याला बांधलं. "मी उजवीकडून सुरुवात करते. तू त्या कोपऱ्यात घे, डावीकडे. मधलं शेवटी बघू."

"बरं," धाकटी म्हणाली. आणि ताईची पाठ वळताच तिने फुगवट्याच्या खाली, भिंतीच्या बरोबर मध्यावर पाणी मारलं.

जुनी भिंत खरवडताना थरांमधून मागे जावं लागतं. आधी शिंप्याचा हिरवा निघाला. त्याच्याखाली कुणाचा तरी निळा, मग गुलाबी, मग मळका पिवळा. मग चुना, थरावर थर, बाबांच्या हातचा. ओला चुना पापुद्र्याने सुटतो, उकडलेल्या अंड्याचं साल सुटावं तसा. खोलीत फक्त पत्त्यांचा आवाज होता, खर्र खर्र. डावरीला पाठीमागे बघायचं नव्हतं, पण कान मागेच होते. धाकटी कोपऱ्यात नाही हे तिला आवाजावरून कधीच कळलं होतं. थांब म्हणायला तोंड उघडावं तर का म्हणून विचारील. म्हणून ती आपला उजवा भाग खरवडत राहिली, आणि ऊन दारातून आत सरकत आलं.

त्या दिवशीही ऊन असंच आत आलं होतं.

धाकटी झाल्यावर आईचं बोलणं बंद झालं होतं. आधी कमी झालं, मग बंदच. बाळाला घेऊन ती बसून राहायची. धाकटी तीन वर्षांची झाली तेव्हा एका सकाळी बाबांना ती कालव्याच्या काठावर दिसली, कडेवर मूल, पाय पाण्याच्या अगदी धारेला. बाबा वाईट नव्हते. घाबरलेले होते. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती, खोलीला छताशी एक झरोका होता, आणि दाराच्या खालची एक फळी त्यांनी कापून घेतली, ताट सरकेल एवढी. शेजाऱ्यांना सांगितलं, आजारी आहे, उजेड सोसत नाही. धाकटीला सांगितलं, आई मामाकडे गेली. आणि आठ वर्षांच्या डावरीला तेवढं खरं सांगितलं. "मी कामावर असताना घर तुझं. आई ठोकेल. तीनदा ठोकलं म्हणजे पाणी. उठायचं, पेला भरून खालून सरकवायचा. कडी काढायची नाही. आभाळ कोसळलं तरी कडी काढायची नाही."

पितळी पेल्याच्या बुडाने आई ठोके. ठक, ठक, ठक. डावरी उठे. महिना झाला, दोन झाले, पाच झाले. दुपारी झोपली असली तरी उठे.

त्या दुपारी धाकटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तासभर किरकिर करून नुकतीच डोळा लागलेली. आणि ठक, ठक, ठक. डावरीला वाटलं, आत्ता उठले तर ही उठेल. थोड्या वेळाने देऊ. परत तीन झाले. परत तीन. जोरात नाहीत. उलट हळू, मग आणखी हळू. धाकटीने झोपेतच डोळे उघडले आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "कोण ठोकतं?" डावरीने तिच्या कानावर हात ठेवला आणि गप्प थोपटत राहिली. मग ठोकणं थांबलं. डावरीला बरं वाटलं. आयुष्यभर तिला ज्याने जाळलं ते हेच, की थांबलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

संध्याकाळी बाबांनी कडी काढली, तर आई थंड पडलेली. डॉक्टर पिशवी घेऊन आले, हृदय म्हणाले, ताप म्हणाले, आतलं काही सांगता येत नाही म्हणाले. ते गेल्यावर बाबा डावरीसमोर उकिडवे बसले. "तिने ठोकलं होतं का गं?"

"नाही," डावरी म्हणाली.

"ठोकलं ना," पाठीमागून धाकटी म्हणाली. "ठक ठक केलं. मी ऐकलं."

बाबांनी दोघींकडे बघितलं. आणि डावरी म्हणाली, "ती झोपेत होती, बाबा. ती काहीही बोलते."

तिथून सुरुवात झाली. खोटं बोलायला एक श्वास पुरतो, ते पोसायला जन्म लागतो. त्या एका 'नाही'च्या मागे बाकीचे सगळे नाही ओळीने आले, गळ्यात गळा घालून, चाळीस-बेचाळीस वर्षं.

"ताई."

डावरी वळली. धाकटीने भिंतीचा मधला भाग जमिनीपासून छातीपर्यंत मोकळा केला होता. खाली चुन्याच्या पापुद्र्यांचा ढीग. उघडी लांबी पिवळसर पडलेली होती आणि तिच्यावर रेघा होत्या, कारण दार बुजवलं त्या दिवशी बाबांनी ती घासली नव्हती. वर सरळ चुना मारून टाकला होता. जन्मात एकदाच त्यांनी न घासलेली भिंत रंगवली.

धाकटीने पत्ती खाली ठेवली होती. तिचे डोळे मिटलेले होते. तळहात भिंतीवर फिरत होता, वरपासून खाली.

"वरची बाबांनी भरलीय," ती म्हणाली. "त्यांचा हात मला माहीत आहे. डावीकडून उजवीकडे, शेवटाला दाब." हात खाली आला, छातीच्या खाली, फुगवट्याच्या खाली. तिथे तो थांबला. मग उजवीकडून डावीकडे गेला, जरासा खाली झुकत, आणि शेवटी मनगटाने एक छोटी उचल घेतली.

ती उचल घेऊन हात हवेतच राहिला.

"बावीस वर्षं हा हात घासतेय मी," धाकटी म्हणाली. "इथपर्यंतच आहे. एवढ्या उंचीपर्यंत. केवढी होतीस तू?"

"आठ वर्षांची."

"आणि मी?"

"तुला मावशीकडे पाठवलं होतं. महिनाभर."

"मी विचारलं कधी, तर म्हणायचीस, इथे आधीपासून भिंतच होती." धाकटीने डोळे उघडले. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर डावरीला सोपं गेलं असतं. "मागे काय आहे?"

"दार."

"आणि दाराच्या मागे?"

तेव्हा डावरीने सांगितलं. भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बसून, हातातल्या पत्तीकडे बघत सांगितलं. आई मामाकडे वारली नव्हती हे सांगितलं, कालवा सांगितला, पेला सांगितला, मांडीवरचं डोकं सांगितलं. बाबांना दिलेलं उत्तर सांगितलं. फक्त एक राहिलं, ते तिला सांगताच येईना. धाकटी उभी राहून ऐकत होती. मध्ये एकदाच बोलली.

"म्हणजे मी ऐकलं होतं."

"हो."

"बाबांना मी खरं सांगितलं होतं."

"हो."

"आणि तू म्हणालीस, ती काहीही बोलते." धाकटीने मान हलवली, कुणी दुकानदाराने भाव सांगावा आणि आपल्याला तो पटावा तशी. "तेच म्हणत आले सगळे. नवरा म्हणायचा. डॉक्टरांनी लिहून दिलं. आता लेक म्हणते. तुझंच वाक्य आहे होय ते. मला वाटायचं, माझं नशीब."

मग तिने पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली.

लांबी फुटली, तिच्यामागचा गिलावा फुटला, गिलाव्यामागे लोखंडी जाळी निघाली, दारावर खिळ्यांनी ठोकलेली. खालच्या कापलेल्या फळीच्या जागी गिलाव्याचा गोळा कोंबलेला होता. डावरी उजवी चौकट मोकळी करत गेली, धाकटी डावी. बावीस वर्षांची सवय होती. राग असो की काही असो, हात आपोआप वाटून घेत होते. शेवटी धाकटीने फुगवट्यावर हातोडी घातली. पहिल्या घावाला तो तडकला, दुसऱ्याला गळून पडला.

आत कडी होती. गंजून काळी पडलेली, आणि घातलेली.

"रिकाम्या खोलीला कडी?" धाकटी म्हणाली.

डावरीला तो दिवस आठवला. बाबा कडीपाशी आले, हात पुढे केला, आणि मागे घेतला. मग थापीवर गिलावा घेऊन त्यांनी ती तशीच बुजवली. जन्मभर केसाएवढा उंचवटा न सोसणारा माणूस, पण ती कडी काढायचं त्यांना धाडस झालं नाही. "खालचं तू भर," ते म्हणाले होते. "मला वाकवत नाही." ते त्या वेळी छत्तीस वर्षांचे होते.

कडी निघेना. तीन-चार घावांनी वर गेली. दार आतल्या बाजूला करकरत उघडलं आणि कोंडलेली हवा बाहेर आली. तिला वास नव्हता. म्हणूनच ती भयंकर वाटली.

खोली केवढीशी. झरोका बाहेरून बुजवलेला. एक चटई, तिचा भुगा झालेला. चटईच्या कडेला पितळी पेला, आडवा. धाकटीने मोबाइलचा दिवा लावला आणि दाराच्या आतल्या अंगावर धरला. खालच्या बाजूला, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे, लाकडात पेल्याच्या बुडाच्या चंद्रकोरी उमटलेल्या होत्या. शेकडो. एकावर एक, तीन-तीनच्या ओळींनी. सर्वांत खालच्या ओळी फिक्या होत्या, जवळजवळ जमिनीला टेकलेल्या.

धाकटीने त्यांवर बोट ठेवलं. किती तरी वेळ ते तिथेच होतं. मग ती उठली, पेला उचलला आणि ताईच्या हातात दिला.

"आत जा."

"काय?"

"आत जा आणि ठोक. मला ऐकायचंय."

डावरी गेली. दार तिच्या तोंडावर बंद झालं. आणि मग कडीचा आवाज आला. गंजलेलं लोखंड लोखंडावर घासत खाली आलं आणि बसलं.

अंधार इतका दाट होता की डोळे उघडे की मिटलेले ते कळेना. घशात चुन्याची धूळ. ती खाली बसली, कारण आई बसून ठोकत असे. पेला उलटा धरला. हात डावाच पुढे आला. ठक. ठक. ठक.

बाहेर काहीच नाही.

परत ठोकलं, तीन. परत तीन. छातीत आता भीती उतरायला लागली, हळूहळू, भिंतीत ओल उतरते तशी. बाजूची घरं बंद. बस संध्याकाळी. धाकटी निघून गेली तर? जाईल का? गेली तर तिला बोल कुणी लावावा? डावरीने मोठ्याने हाक मारली नाही. हाक मारायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. ती फक्त ठोकत राहिली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं, की ठोके हळू होत चालले आहेत.

दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, धाकटीचा आवाज आला. ती तिथेच बसलेली होती, सगळा वेळ.

"असंच," ती म्हणाली. "अगदी असंच होतं." आणि थोड्या वेळाने, "पाणी हवंय?"

डावरीने पेला जमिनीला टेकवला. "हो," ती म्हणाली.

कडी वर गेली.

परसातल्या नळाला अजून पाणी होतं. धाकटीने पेला घासला, तीनदा विसळला, भरला, ताईला दिला. डावरी मधल्या खोलीत पापुद्र्यांच्या ढिगाशेजारी बसून प्यायली. घाईत अर्धं अंगावर सांडलं. धाकटी तिच्यापासून चार हात लांब बसली. कालपर्यंत ती खेटून बसायची.

"उद्या लेकीकडे जायचंय," धाकटी म्हणाली. "तिला तू सांगायचं. मला सांगितलंस ते सगळं. एक शब्द कमी नाही."

"सांगेन."

"ती म्हणेल, मावशी, एवढी वर्षं का गप्प बसलीस."

"म्हणेल."

"माझ्याकडे बघायचं नाही तेव्हा. मी मदत करणार नाही."

"नको करूस." डावरीने पेला खाली ठेवला. "आणि नंतर? कामाला येशील?"

"माहीत नाही." धाकटीने आपले तळहात उलटे करून बघितले. पांढरे झाले होते. "तुझी भिंत परत हाताला लागेल की नाही, कुणास ठाऊक."

ऊन उंबऱ्यापासून मधल्या खोलीत येऊन त्या उघड्या दाराशी थांबलं होतं, आत जात नव्हतं. बाहेर पाखरू ओरडत नव्हतं. दुपार भरली होती. आत खोली उघडी, रिकामी. एक चटईचा भुगा, बाकी काही नाही. दोघींना ते बसल्या जागेवरून दिसत होतं.

ठक. ठक. ठक.

धाकटी ताठ झाली. मान तिरकी. सवयीने तिचं तोंड उघडलं, ताईकडे वळलं, आणि मिटलं. आता ती विचारणार नव्हती. तिने नजर खाली घातली आणि पापुद्र्यांचा एक तुकडा बोटांत चुरू लागली.

डावरी त्या दाराकडे बघत होती. जे सांगायचं राहिलं होतं ते हेच. शाळेच्या वर्गात, दवाखान्याच्या ओसरीत, अनोळखी लोकांच्या झोपायच्या खोल्यांत, बावीस वर्षं रोज दुपारी, धाकटी थांबायच्या क्षणभर आधी तिची स्वतःची पत्ती थांबलेली असे.

"तीन," डावरी म्हणाली. "मलाही येतं ऐकू. पहिल्यापासून."

धाकटीच्या बोटांतला चुना गळून पडला. 

आतून परत आलं. हळू, आधीपेक्षा हळू.

डावरीने पेला उचलला, आणि या वेळी ती उठली.